बोलोन्यात एक दिवस मोकळा आहे, मोरांदीच्या बाटल्या बघायला जावं का?

लोखंडी_विळा:
नमस्कार मंडळी. मी चित्रकलेतला माणूस नाही हे आधीच सांगतो, शाळेत एलिमेंटरीला बसलो होतो आणि सी ग्रेड मिळाली होती तेवढीच काय ती ओळख. आमचं सांगलीकडं शेती अवजारांचं छोटं युनिट आहे, रोटाव्हेटरची पाती, कल्टिव्हेटरचे फाळ असली कामं. इटलीत बोलोन्याला एइमा म्हणून शेती यंत्रांचं मोठं प्रदर्शन भरतं दर दोन वर्षांनी नोव्हेंबरात, तिथं मी आणि पार्टनर चाललोय. सगळं उरकून सोमवारी रात्रीचं विमान आहे म्हणजे सोमवार अख्खा मोकळा. पार्टनर म्हणतोय फेरारी बघू. पण माझी भाची कला महाविद्यालयात शिकते, तिनं बोलोन्या हे नाव ऐकलं आणि उडालीच, म्हणाली मामा तू तिथल्या मोरांदी या चित्रकाराची चित्रं न बघता परत आलास तर मी बोलणार नाही.

म्हणून मी रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर हे मोरांदी उघडून बसलो. एक बघितलं, बाटल्या. दुसरं बघितलं, त्याच बाटल्या. तिसऱ्यात एक डबा वाढला. चौथ्यात डबा डावीकडचा उजवीकडं. रंग म्हणाल तर मातकट, फिका, सगळं कसं धुऊन वाळत घातल्यागत. बायको मागून बघत होती, ती म्हणाली यांच्या घरात भांडी घासायला बाई येत नव्हती का. भाचीला फोन करून विचारलं की यात बघायचं काय असतं, तर ती म्हणते मामा तिथं शांतता आहे. आता शांतता बघायला मी बोलोन्याला कशाला जाऊ, आमच्या शेतात रात्री मोटर बंद केली की हवी तेवढी आहे.

चेष्टा सोडा, मला खरंच कळून घ्यायचंय. यात काय बघायचं असतं हे कुणी साध्या मराठीत सांगेल का? आणि एका दिवसात वेळ घालवण्याइतकं आहे का ते?

तिरकस_तात्या:
फेरारी बघा. प्रश्न मिटला.

पेन्सिलटोक:
तात्या, थांबा जरा, धागा चालू होऊ दे.

विळाभाऊ, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि नंतर हायस्कूलला मिळून आयुष्यभर ड्रॉइंग शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमच्या प्रश्नाला हात घालतो कारण हा प्रश्न मला दरवर्षी पोरं विचारायची, फक्त मोरांदीचं नाव न घेता. "सर, तांब्या आणि केळी काढून काय मिळतं?" म्हणून.

आधी माणसाबद्दल थोडक्यात. जॉर्जो मोरांदी, जन्म १८९० बोलोन्यात, मृत्यू १९६४ बोलोन्यात, आणि मधला जवळपास सगळा काळ पण बोलोन्यातच. व्हिया फोंदात्सा नावाच्या गल्लीत आई आणि तीन बहिणींबरोबर राहायचा, लग्न केलं नाही. सुरुवातीची बरीच वर्षं प्राथमिक शाळांमध्ये ड्रॉइंग मास्तर होता (म्हणजे आमच्याच जातकुळीचा, म्हणून मला जरा जास्त प्रेम), मग १९३० पासून १९५६ पर्यंत तिथल्या अकादमीत एचिंग, म्हणजे पत्र्यावर ॲसिडनं रेषा कोरून छापायची कला, शिकवायचा. उन्हाळ्यात डोंगरात ग्रिझाना नावाच्या गावी. बस. पॅरिसला कधी गेला नाही, ज्या काळात जगातला प्रत्येक चित्रकार पॅरिसला पळत होता त्या काळात. घरातल्या ज्या खोलीत झोपायचा तिथंच चित्रं काढायचा, आणि त्या खोलीत जायला बहिणींच्या खोलीतून जावं लागायचं. चाळीत वाढलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता चित्र. तुम्ही एलिमेंटरीला बसला होता म्हणालात ना, मग आठवा, वस्तुचित्राच्या पेपरला समोर काय मांडलेलं असायचं? पितळी तांब्या नाहीतर किटली, शेजारी वांगं किंवा केळी, मागे चुण्या पाडलेलं कापड. आणि सरांनी काय घोकून घेतलेलं असायचं? तांब्याच्या तोंडाचं लंबवर्तुळ नीट काढा, पितळेवर चकाकी दाखवा, पडछाया विसरू नका, आणि दोन वस्तूंच्या कडा एकमेकींना चिकटवू नका, एकतर एक वस्तू दुसरीच्या मागे जाऊ दे नाहीतर मधे स्पष्ट फट ठेवा. कडेला कड लागली की मी स्वतः मार्क कापायचो.

मोरांदीनं नेमकं हे सगळं उलटं केलं.

चकाकी घ्या. काचेची बाटली म्हटल्यावर डोळा पहिला चकाकीवर जातो, ही काच, हे पितळ, हे चिनीमाती असं ओळखून मोकळा होतो आणि मग बघणं थांबतं. तर या माणसानं बाटल्यांवरची लेबलं काढली, काहींना बाहेरून मॅट रंग फासला, काहींच्या आत रंग ओतला, आणि वर धूळ बसू दिली, ती पुसायची नाही. म्हणजे भांडी घासायला बाई नव्हती का हा वहिनींचा प्रश्न अगदी बरोबर जागी लागलाय, धूळ मुद्दाम होती! सगळ्या वस्तू अशा एका पातळीवर आणल्या की कशाची आहे, किती किमतीची आहे हे गळून जातं, उरतो फक्त आकार, उंची आणि त्यावर पडलेला उजेड.

मग कडा. त्याच्या चित्रात बघा, डब्याची वरची कड आणि मागच्या टेबलाची कड एकाच रेषेत येते. किंवा बाटलीची उजवी बाजू आणि शेजारच्या पेटीची डावी बाजू बरोबर चिकटलेली, फट नाही आणि मागे-पुढे पण नाही. विद्यार्थ्यानं केलं तर मार्क जातात कारण तिथं खोली मरते, पुढचं कुठलं मागचं कुठलं कळत नाही. तो हे जाणूनबुजून करतो, आणि मग त्या एका जागी डोळा अडकतो, क्षणभर ती पेटी पुढे वाटते, क्षणभर बाटली पुढे. वरवर सगळं गप्प उभं आहे आणि बघणाऱ्याच्या डोळ्यात मात्र ते मागेपुढे होत राहतं. टेबलावर पसरलेल्या कागदावर तो पेन्सिलीनं प्रत्येक वस्तूच्या जागेच्या खुणा करून ठेवायचा, म्हणजे बोटभर सरकवली तर आधी कुठं होती ते कळावं. तुमचं मशिनिंगचं काम आहे, जिग-फिक्स्चरमध्ये किती मिमीनं काय बदलतं हे तुम्हाला मी काय सांगणार.

आणि म्हणूनच त्याच त्याच बाटल्या. वस्तू बदलली की बघणारा वस्तूकडं बघतो. वस्तू तीच ठेवली की मधली जागा दिसायला लागते. ती पांढरी, पन्हळी असलेली बाटली तुम्हाला चित्रामागून चित्रात भेटेल, तिला ओळखीचं माणूस समजा आणि बघा आज ती कुणाशेजारी उभी आहे, किती अंतरावर.

जायचं का? जा. पण मोबाइलवर बघून ठरवू नका.

कुंदा_क:
पेन्सिलटोक सर किती छान लिहिलंत. माझ्या मुलीची इंटरमिजिएट आहे यंदा, स्थिरचित्राचा नुसता वैताग आलाय तिला, हा प्रतिसाद वाचायला देते. कडा चिकटवल्या तर मोरांदीचं नाव सांगू नको म्हणून पण बजावते. :)

तिरकस_तात्या:
सर, लिहिता छान, शंका नाही. पण मला दोन गोष्टी खटकतात आणि त्या मी सांगणार.

एक. असं रसाळ वर्णन कुणी आमच्या आज्जीच्या फडताळाचं केलं तर तेही महान वाटेल. बाटली चिकटली म्हणून डोळा मागेपुढे होतो, ठीक आहे, होत असेल. पण एका माणसानं तेच तेच हजार वेळा केलं तर आपण त्याला साधना म्हणतो आणि आमच्या हापिसातला क्लार्क तेच करतो तर त्याला कारकुंडा म्हणतो. याचे पैसे किती येतात त्यावर साधना का कारकुनी हे ठरतं असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन, आणि ही जास्त महत्त्वाची. हा माणूस जगला कधी? १८९० ते १९६४, इटलीत. म्हणजे पहिलं महायुद्ध, मुसोलिनीची वीस वर्षं, दुसरं महायुद्ध, जर्मन सैन्य दारात. आणि हे महाशय खोलीत बसून डबा बोटभर सरकवतायत. याला शांतता म्हणायचं का तोंड फिरवणं म्हणायचं? भाचीला विचारा की विळाभाऊ.

रंगारी_ठाणे:
तात्यांचा पहिला मुद्दा जुनाच आहे, म्हणजे तीनशे साडेतीनशे वर्षं जुना. फ्रान्सच्या अकादमीत १६६७ साली फेलिबियाँनं चित्रांची उतरंड लावून दिली होती, सगळ्यात वर इतिहास-पुराणातली चित्रं, मग व्यक्तिचित्रं, निसर्गचित्रं वगैरे आणि सगळ्यात तळाला आपली भांडी नि फळं. का तर यात डोकं लागत नाही, समोर आहे ते उतरवायचं. आणि त्याच अकादमीत १७२८ ला शार्दँ नावाचा सुताराचा मुलगा प्राणी आणि फळं काढणारा म्हणून आत घुसला, पुढं तिचा खजिनदार झाला, पॅरिसच्या लूव्रमध्ये राहायला जागा मिळाली आणि दिदरोसारखा मोठा लेखक त्याच्या भांड्यांवर पानंच्या पानं लिहायला लागला. त्याचं एक तांब्याच्या पाण्याच्या टाकीचं चित्र आहे लूव्रमध्ये, खाली तोटी, तीन पायांवर उभी, शेजारी बादली. कुणाही मराठी माणसाला बघितल्याबरोबर वाटतं हा आपला बंबच. मोरांदी या शार्दँला फार मानायचा, सेझान या फ्रेंच चित्रकाराला पण, त्यामुळं तो आभाळातून पडलेला नाही, मागे मोठी रांग आहे.

पैशाचं म्हणाल तर तात्या, शार्दँच्या रानटी स्ट्रॉबेरीच्या टोपलीचं चित्र २०२२ मध्ये पॅरिसला लिलावात जवळजवळ अडीच कोटी युरोला गेलं, अमेरिकेतलं म्युझियम नेत होतं, फ्रान्सनं राष्ट्रीय ठेवा म्हणून अडवलं आणि मग लूव्रनं लोकांकडून वर्गणी काढून २०२४ ला घेतलं. गणपतीला काढतो तशी वर्गणी. एका टोपलीसाठी, एक पाण्याचा ग्लास, दोन फुलं आणि थोडी फळं. लोकांनी दिली, यातच काय ते आलं. पैसा लागला म्हणून ते चित्र मोठं झालं असं नाही कारण मेल्यावर कित्येक वर्षं शार्दँला कुणी विचारत नव्हतं, चित्र तेच होतं.

आपल्याकडचं थोडं अवांतर. वस्तू मांडून त्यांच्याकडं नुसतं बघत राहणं हे आपल्या मातीत पण झालंय. चित्रकार प्रभाकर बरवे (१९३६–१९९५), रायगडातल्या नागावचे, मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयातून शिकलेले, विणकर सेवा केंद्रात नोकरी केलेले. त्यांच्या चित्रात घड्याळ, पान, फळ, कात्री असल्या रोजच्या वस्तू येतात, पण टेबल नाही, मागे भिंत नाही, मोकळ्या जागेत एकेक वस्तू सुटी, आणि एनॅमल रंगात, जो आपण लोखंडी कपाटाला मारतो तो. २०१९ ला मुंबईत एनजीएमए या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन होतं, मी बघितलं, अजून डोक्यातून गेलेलं नाही. आणि गोव्याचे चित्रकार सूझा, ते साळगावचे, त्यांनी चर्चमधली भांडी, चषक वगैरे मांडून स्थिरचित्रं केली, पण त्यांची वस्तू शांत बसतच नाही, अंगावर येते, काळ्या जाड रेषा आणि काटे. म्हणजे टेबलावर भांडी मांडली की आपोआप शांतता येते असं काही नाही. ती कुणीतरी आणावी लागते. मोरांदीकडं ती त्या फिक्या रंगांमुळं येते असं लोक म्हणतात, मला वाटतं त्याच्या कडांमुळं येते, हलक्या हातानं काढलेल्या, किंचित थरथरत्या, कुठंच फूटपट्टी नाही.

पोर्तिको:
नमस्कार, मी नाशिकची, लग्नानंतर गेली बरीच वर्षं बोलोन्याजवळ राहते त्यामुळे या धाग्यावर यायलाच हवं. आधी कामाचं सांगते कारण ते कुणीच सांगितलं नाही.

विळाभाऊ, सोमवारी म्युझियम बंद असतं!! मोरांदीचं म्युझियम सध्या माम्बो म्हणून आधुनिक कलेचं जे म्युझियम आहे त्याच्यातच आहे, २०१२ पासून, त्याआधी ते मुख्य चौकातल्या पालात्सो दाक्कुर्सिओमध्ये होतं (१९९३ ला तिथं सुरू झालं, चित्रं बरीचशी त्याच्या बहिणीनं शहराला दिलेली). माम्बो रेल्वे स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आहे. तर सोमवारच्या भरवशावर राहू नका, प्रदर्शनातून एक दुपार काढा, पार्टनरला स्टॉलवर बसवा. आणि त्याचं घर, व्हिया फोंदात्सा ३६, ते गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, तिथंही आत जाता येतं पण ते ठरावीक दिवशी आणि थोडाच वेळ उघडं असतं, आधी वेबसाइट बघून जा नाहीतर बंद दाराचा फोटो काढून याल.

घर चुकवू नका असं मी म्हणेन. काचेपलीकडून ती खोली दिसते, पलंग, वेगवेगळ्या उंचीची टेबलं, आणि बाटल्या, डबे, तेलाचे दिवे, जुने कॉफीपॉट. नळकांड्यावर नरसाळं उलटं बसवलेलं असं एक विचित्र भांडं आहे ते चित्रांत पण दिसतं, तुम्ही पत्र्याच्या कामातले, तुम्हाला ते जास्त आवडेल. ती भांडी प्रत्यक्षात बघितली की धक्का बसतो इतकी फालतू आहेत, जुन्या बाजारात पण कुणी घेणार नाही. आणि खिडकी आतल्या अंगणावर उघडते, सगळा उजेड तिकडून. या गावाच्या भिंती विटकरी, गेरू, फिकट पिवळ्या अशा आहेत आणि पोर्तिको म्हणजे रस्त्याकडेच्या कमानींच्या ओसऱ्या किलोमीटरच्या किलोमीटर आहेत (२०२१ ला युनेस्कोच्या यादीत गेल्या), त्यांच्या सावलीतून दुपारी चालत फोंदात्सापर्यंत गेलात की तुम्हाला तो जो मातकट फिका रंग वाटतोय ना, तो कुठून आला ते कुणी न सांगता कळेल. इथं उन्हाला खरंच तो रंग आहे. नोव्हेंबरात धुकं असेल कदाचित, मग तर बघायलाच नको.

आता तात्यांच्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल, कारण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाहीये. मोरांदी म्हणजे खोलीत कोंडून घेतलेला साधू अशी जी गोष्ट सांगतात ती अर्धीच आहे. १९२८ मध्ये बोलोन्यातल्या फॅसिस्ट पक्षाच्या पत्रात त्यानं स्वतःबद्दल छोटा लेख लिहिला होता आणि त्यात फॅसिझमवर आपला विश्वास आहे असं लिहिलंय. १९३० ची अकादमीतली नोकरी याच काळातली. त्याच्या वेळचे बरेच चित्रकार त्या गोतावळ्यात होते आणि तोही होता, हे इथं आता उघडपणे बोललं जातं. नंतर त्याच्या मित्रांत फॅसिस्टविरोधी लोक आले आणि १९४३ मध्ये त्या ओळखीपायी पोलिसांनी त्याला पकडलं, काही दिवस तुरुंगात होता. तिथून सुटल्यावर तो ग्रिझानाला गेला. आणि ते डोंगर म्हणजे सुरक्षित जागा नव्हती, आघाडी तिथंच येऊन थांबली, १९४४ च्या शरदात त्याच डोंगरात, मार्झाबोत्तो, ग्रिझाना आणि शेजारच्या मोंत्सुनोच्या वाड्यांवर हिटलरच्या एसएस दलानं शेकडो गावकरी मारले, बायका-मुलं धरून. आज त्या गावाचं नाव ग्रिझाना मोरांदी आहे, १९८५ पासून.

तर तो तोंड फिरवून बसला होता का? काही वर्षं नक्कीच. मी त्याची वकिली करणार नाही. पण युद्धाच्या काळातली चित्रं म्युझियममध्ये बघाल तर तिथं वस्तू एकमेकींना बिलगून उभ्या असतात, टेबलाच्या मधोमध गर्दी करून, बाजूला एवढी जागा रिकामी असताना. मला तरी ते बघून शांत वाटत नाही. माझ्या सासूबाई त्या पिढीच्या, त्यांना मोरांदी आवडत नाही, त्या म्हणतात हे चित्र बघितलं की तळघरात बसल्यासारखं वाटतं. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण मी त्यांचं ऐकते.

जाता जाता, तुम्ही शाकाहारी असाल तर तोर्तेल्लीनी मागवू नका, त्यात मांस असतं. तोर्तेल्लोनी मागा, त्याच्यापेक्षा मोठे, आत रिकोटा चीज आणि पालक. नाव ऐकून गडबड होते आणि वेटर घाईत असतात.

तिरकस_तात्या:
पोर्तिको ताई, उत्तर आवडलं. वकिली करत नाही म्हणालात ते जास्त आवडलं. १९२८ चं माहीत नव्हतं. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, त्यांची बाजू माझी.

लोखंडी_विळा:
बाप रे, सोमवार बंद! ताई तुमचे उपकार झाले, नाहीतर आम्ही गेटपर्यंत जाऊन फेरारीला गेलो असतो आणि भाचीनं वर्षभर अबोला धरला असता. पार्टनरशी बोललो, शनिवारी दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, मी तीन तास सुटतो, तो सोमवारी एकटा फेरारीला जाईल.

सर, तुमचं वाचून मी काल एक केलं. वर्कशॉपच्या ऑफिसात ग्रीसचा डबा, ऑइल कॅन आणि पिशवीतली चहाची थर्मास अशा तीन वस्तू टेबलावर ठेवल्या. चित्र मला येत नाही, नुसतं बघत बसलो. पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. मग कॅन थर्मासला चिकटवला आणि डब्याच्या वरच्या कडेला टेबलाची मागची कड येईल असं खाली वाकून बघितलं, आणि खरंच हो, ते मागचं-पुढचं गायब झालं, सगळं एका पत्र्यावर चिकटवल्यासारखं दिसायला लागलं. तेवढ्यात पोरगं आलं आणि विचारलं शेठ काय शोधताय टेबलाखाली. काय सांगणार.

आता विचारायचं हे की तिथं गेल्यावर तीन तासात कसं बघू? सगळी बघू का थोडी? चित्रं फार आहेत का? आणि भाचीसाठी काय आणू, पोस्टर तर सगळेच आणतात.

पेन्सिलटोक:
वा विळाभाऊ! तुम्ही वाकून बघितलंत हे फार महत्त्वाचं आहे, मोरांदीची टेबलं वेगवेगळ्या उंचीची होती ती याचसाठी. डोळ्याची पातळी बदलली की बाटलीच्या तोंडाचं लंबवर्तुळ उघडतं किंवा मिटतं, आणि टेबलाची कड वर-खाली होते. पोरांना हे शिकवताना माझा घसा सुकायचा.

आयुष्यात त्यानं तेराशेच्या वर तैलचित्रं केली, अर्थात सगळी तिथं नाहीत, जगभर विखुरलेली आहेत. पण जेवढी आहेत तेवढीसुद्धा सगळी बघू नका. आधी एकदा सरळ चालत फिरून या, न थांबता. मग ज्या दोन चित्रांत वस्तू त्याच आहेत अशी जोडी शोधा आणि त्यांच्यापुढं उभे राहा, काय सरकलंय ते शोधा. चित्रं लहान असतात, फूट-दीड फुटाची, त्यामुळं जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलात की ब्रशचे फटकारे दिसतील, रंग जाड, ओढलेला, बॅकग्राउंडची भिंत पण तेवढ्याच मन लावून रंगवलेली जेवढी बाटली. मोबाइलवर हे काहीच दिसत नाही, तिथं नुसता फिका चौकोन दिसतो, म्हणून तुम्हाला धुऊन वाळत घातल्यागत वाटलं.

शेवटच्या वर्षांतले जलरंग असतील तर ते अजिबात सोडू नका. त्यात तो बाटली रंगवतच नाही. बाटलीची सावली आणि आजूबाजूची हवा रंगवतो, बाटलीच्या जागी कोरा कागद. दोन-चार पातळ फटकाऱ्यांत काम संपलेलं असतं. मी शाळेत असताना हे कुणी दाखवलं असतं तर कदाचित मी पोरांना इतकी चकाकी काढायला लावली नसती, पण सिलॅबसमध्ये होतं.

भाचीसाठी: ती कला महाविद्यालयात आहे ना, मग एचिंगचं काहीतरी आणा, चांगल्या छपाईचं पुस्तक किंवा एचिंगची पोस्टकार्डं. मोरांदी एचिंग बराचसा स्वतःच शिकला, जुन्या लोकांची, रेम्ब्रांटची वगैरे बघून. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, सुईनं तो थर खरवडायचा, आणि पत्रा ॲसिडमध्ये टाकायचा, जिथं खरवडलंय तिथंच ॲसिड खातं. नंतर शाई भरून प्रेसखाली कागदावर छापायचं. गंमत अशी की शाई एकच, काळी. करडा रंग मुख्यतः रेषांतूनच काढायचा. रेषा दाट केल्या की गडद, विरळ केल्या की उजेड. तर त्याच्या एचिंगमध्ये बाटलीच्या बाहेर रेषाच काढलेली नसते, भोवतीच्या आडव्याउभ्या रेषांची जाळी जिथं थांबते तिथं बाटली सुरू होते. तिच्या सबमिशनला हे सोन्यासारखं आहे, क्रॉस-हॅचिंगमध्ये पोरं बाहेरून आउटलाइन मारून मग आत भरतात, सगळं मरतं.

रंगारी_ठाणे:
सरांच्या एचिंगच्या मुद्द्याला जोडून, त्याला मोठी बक्षिसं मिळाली त्यातलं एक एचिंगसाठीच होतं, १९५३ ला ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात. मग १९५७ ला तिथंच चित्रांसाठी. तोपर्यंत अमेरिकेत ॲबस्ट्रॅक्टची (अमूर्त चित्रांची) लाट होती, लोक त्याच्याकडं येऊन विचारायचे तुम्ही ॲबस्ट्रॅक्ट का करत नाही, आणि तो म्हणायचा की डोळ्यासमोर जे आहे त्याच्यापेक्षा जास्त ॲबस्ट्रॅक्ट काही नसतं. विळाभाऊंचा ग्रीसचा डबा आणि थर्मास एका पत्र्यावर चिकटल्यासारखे दिसले ना, तेच ते.

कुंदा_क:
मुलीला वाचायला दिलं. तिनं कुकरचं झाकण, मीठाची बरणी आणि तेलाची किटली मांडली आणि मला स्वयंपाकघरात जाऊ देईना, म्हणे आई हात लावू नकोस, खुणा केल्यात. आज जेवण बाहेरून मागवलंय. सर तुमच्या नावानं बिल फाडते.

पोर्तिको:
विळाभाऊ, शनिवारी गर्दी असते पण मोरांदीच्या खोल्यांत नसते, लोक बाकीचं बघून निघून जातात. पुस्तकं म्युझियमच्या दुकानात मिळतील, एचिंगचं वेगळं पुस्तक मागा. प्रदर्शनाच्या जागेवरून शहरात यायला बस आहे, तिकीट आधी घ्या आणि आत मशिनला लावायला विसरू नका, दंड जबर आहे.

लोखंडी_विळा:
भाचीला एचिंगचं विचारलं, न बोलता नुसते वीस-पंचवीस हार्ट पाठवले म्हणजे तेच आणायचं असं दिसतंय. आणि सर, तुम्ही सांगितलेल्या ॲसिडच्या कामाबद्दल एक शंका, आमच्याकडं पार्टवर नंबर टाकायला आम्ही पण असंच थर देऊन ॲसिडनं खातो, मग तो पत्रा किती वेळ ठेवायचा ते गडद-फिक्यासाठी बदलतो का? म्हणजे एकाच पत्र्यावर काही रेषा जास्त खाल्लेल्या आणि काही कमी?

पेन्सिलटोक:
अगदी बरोबर पकडलंत. कमी खायला हव्यात त्या रेषांवर मधेच परत थर देऊन त्या झाकायच्या आणि पत्रा पुन्हा ॲसिडमध्ये सोडायचा, उरलेल्या आणखी खोल जातात, जास्त शाई धरतात.  तिथं एचिंगजवळ उभे राहिलात की कुठल्या रेषा जास्त गडद आहेत ते शोधा.